वाकून घेतलेली ऑर्डर

"हॅलो?… हॅलो! कोण?… कौसल्या वहिनी! जयभीम, जयभीम. थांबा, मास्क खाली घेतो, माझंच बोलणं मले समजून नाही राहिलं… हां, बोला आता."

कृष्णकांतने मास्क हनुवटीवर ओढला. सात महिने कुलूपबंद असलेला त्याचा नागपूरच्या धरमपेठेतला बार उद्या उघडणार होता. बार म्हणजे आता पब. दोन वर्षांपूर्वी लेकीने, पायलने, हट्टाने पाटी बदलायला लावली होती. आतली टेबलं तीच, माणसंही तीच; फक्त प्रेमानंद तेवढा नव्हता. सत्तावीस वर्षांपासूनचा जुना वेटर, आठ दिवसांपूर्वी कोणाला न सांगता गावाकडे, भिवापूरला निघून गेला होता, आणि आता त्याच्या बायकोचा फोन आला होता.

"पहिले हे सांगा, तो आहे कुठं? बारा फोन केले मी त्याले, एक उचलला नाही… हो… हो… अहो ऐका न वहिनी, उद्या अकराले उघडून राहिलो आपण!… नाही, अर्धेच टेबल. चोवीसचे बारा. मधल्या टेबलायवर कुंड्या ठेवल्या, कोणी बसू नये म्हणून… तुळशीच्या कायले! बारमध्ये तुळस ठेवीन का मी? मनीप्लांट आहे…"

बोलायला लागला की कृष्णकांतची गाडी उतारावरच असते. पलीकडच्या माणसाला काही सांगायचंय, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

"…दारात ताप पाह्यची मशीन. चखणा वाटीत नाही, एकेकाले बंद पुडी. मेनूकार्ड तर गेलंच. तो काळ्या ठिपक्यायचा चौकोन असते न, त्याच्यावर मोबाईल धरायचा. पायलचं डोकं. आपले म्हातारे वकील साहेब काल पाह्यले आले, तर त्या चौकोनाले चष्मा लावून वाचत बसले बाप्पा!… हो न! आणि पाटी मी स्वतः लिहिली. 'वेटर दिसताच मास्क वर. ऑर्डर सहा फुटांवरून.' कशी आहे?… वहिनी?… हॅलो? गेला का फोन?"

फोन गेला नव्हता. प्रेमानंद आता येणार नाही, एवढंच कौसल्या पलीकडून म्हणाली.

"का झालं?… येत नाही म्हंजे? उद्या नाही तर परवा येऊ द्या न… कधीच नाही?… काहून पण?… दुसरा माणूस पाहू? वहिनी, प्रेमानंद का पंखा आहे, बिघडला तर दुसरा लावला?… कोरोनाचं भेव वाटते का त्याले?… मग दुसऱ्या बारवाल्यानं ओढला असंल… काय करून राहिला? निंदण? मेहुण्याच्या मिरचीत? आपला प्रेमानंद?"

इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर कधी रश्श्याचा थेंब पडू न देणारा माणूस आता वावरात खुरपं धरून बसलाय, हे कृष्णकांतला काही केल्या पटेना.

"मग माझाच राग आला असंल. बोला न तसं, लपवता काहून?… हो, ओरडलो मी त्या सोमवारी. नवीन रीत शिकवायले बोलावलं होतं सगळ्यायले. सगळे मास्क लावून दूर दूर उभे. मी तीनदा हाक मारली त्याले. हा खिडकीतून बाहेर पाहून राहिला! मी म्हटलं, सात महिन्यांत शेठ झाला का गा, मानही वळवत नाही?… चारचौघांत बोललो, हो. चुकलं माझं. पण सत्तावीस वर्षांत का कमी भांडलो आम्ही? तवा तर नाही गेला सोडून… मग?… मग का झालं, सांगा न…"

पलीकडून जे आलं ते ऐकता ऐकता त्याने हातातली सॅनिटायझरची बाटली टेबलावर ठेवली आणि जवळची खुर्ची ओढून तो बसला.

"काय?… कवापासून?… दोन्ही कानांनं?… तो मोठा ताप आला होता, तवापासून? म्हंजे अठरा वर्षं झाले वहिनी!… हां, म्हणून फोन नेहमी तुम्हीच उचलत होत्या… अहो, पण तो तर सगळ्यायचं ऐकते! शनिवारी एवढा कल्ला असते, गाणे चालू असते, कोपऱ्यातला माणूस नुसता पुटपुटला तरी हा बरोबर तेच आणते… काय पाहून?"

"ओठ पाहून," तो स्वतःशीच म्हणाला.

भिंतीवरची त्याचीच पाटी समोर होती. मास्क वर. सहा फुटांवरून.

"थांबा वहिनी… तो कमरेत वाकते न, ऑर्डर घ्यायले? गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं असा पाह्यते, का जगात दुसरं कोणी नाहीच. मग सगळी ऑर्डर परत म्हणून दाखवते, आणि दोन बोटांनं टेबलावर टक टक. म्हंजे घेतली… वहिनी, मी त्याले अदब समजलो! नवा वेटर आला का पहिला धडा तोच, प्रेमानंदसारखं वाका! लोकं आपल्याकडं येतात ते त्याच्यासाठी. म्हणतात, नागपुरात एवढं मन लावून कोणी ऐकत नाही… आणि त्याले…"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गिऱ्हाईक दारातून आत आलं की कितव्या पेगला रडणार ते सांगणारा हा कृष्णकांत, पण रोज शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे कान त्याला अठरा वर्षांत कळले नव्हते.

"कानाची मशीन काहून नाही लावली?… मी काढून टाकीन म्हणून? मी?… ऐका. माझ्या बाबाले लकवा झाला होता, आठवते? वाचा गेली होती. नुसते ओठ हलवत. घरात कोणाले काही समजत नव्हतं. मग प्रेमानंद येऊन सांगे, बाबाले ताक पाह्यजे, बाबाले उन्हात बसायचं आहे. आम्ही म्हणत होतो, माया आहे याची, म्हणून समजते… हो, रडून राहिलो, मग? रडू नको का?… तुम्ही नका रडू. थांबा, फोन ठेवू नका हं."

तो उठला, खुर्चीवर चढला. गुडघे कुरकुरले. पाटी खिळ्यासकट हातात आली.

"हॅलो… आहे न तुम्ही? पाटी काढली… नाही, मास्क राह्यलाच पाह्यजे, त्याचाही जीव आहे. पण ऐका. टेबलावर चिठ्ठी न् पेन्सिल. लोकं लिहितील, हा उचलंल. दूरच्या दूर, आणि कोणाले ओरडायचं काम नाही… सगळ्याच टेबलायवर हो! एकट्याच्या टेबलावर ठेवली तर बारा गोष्टी होतील. वकील साहेबाचंही काम झालं… पायल रागावंल? रागावू द्या, दोन दिवसांत येते जाग्यावर. द्या त्याले फोन, मी सांगतो… हॅट्, कसा देता, ऐकू कुठं येते त्याले! वहिनी, हा मोबाईल तुमच्या मिनलचा आहे न? पोरीले म्हणा, व्हिडिओ लाव. आता. बांधावरूनच."

आत मोरीवर दोघं ग्लास विसळत होते. कृष्णकांत दूर खिडकीशी गेला आणि त्याने मास्क पुरता काढला. पडद्यावर ऊन आलं, मग मिरचीची हिरवी रांग, मग डोक्याला दुपट्टा बांधलेला प्रेमानंद. मान खाली.

"वहिनी, त्याले म्हणा वर पाह्य… पाह्य न गा, प्रेमा… हां."

प्रेमानंदने वर पाहिलं आणि कृष्णकांत बोलला. पण आवाज काढला नाही; आतल्यांना ऐकू जायला नको होतं. नुसते ओठ हलवले, सावकाश. माझं चुकलं. उद्या अकराले ये. बारा टेबल आहेत, सहा तुझे.

तेवढ्यात चित्र अडकलं. प्रेमानंदचे डोळे अर्धे मिटलेले, तसेच.

"हॅलो? वहिनी! अडकलं हो इथं! दिसलं का त्याले? समजलं का?… हॅलो?… काय वाजलं?… चूप, चूप, बोलू नका कोणी…"

फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून तो कमरेत वाकला. कान पार मोबाईलच्या काचेला लावला.

"दोनदा वाजलं न?… बोटानं वाजवलं न त्यानं?… प्रेमा, घेतली गा ऑर्डर?… घेतली न?"

लाईन गेली होती. पण टक टक त्याने ऐकली होती.