कणगीतला जमादार

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो, उत्तर ज्याचं त्यानं मनात द्यावं. लढाईतून पळाला तो भित्रा — कबूल? मग लढाई संपल्यावर, खरं ठाऊक असून जो गप्प बसला, त्याला काय म्हणायचं?

सर्जेराव नावाचे एक सरदार होते. ते मोहिमेवर गेले असताना त्यांच्या गढीवर लुटारू चालून आले. आत चाळीस शिपाई. त्यांच्यावर जमादार कोण? सरदारांचा मेहुणा. नाव काय? हैबतराव! दरवाजा खिळखिळा झाला आणि हे हैबतराव दिसेनासे झाले. मग सुभानजी वाघचौरे नावाचा साधा शिपाई पुढं झाला. त्यानं हुकूम सोडले, दोन दिवस दरवाजा धरला, उजव्या हाताची तीन बोटं तिथंच गमावली. सरदार परतले, भर अंगणात म्हणाले — आजपासून जमादार तू, पगारही जमादाराचा.

मोठ्या माणसाचा शब्द! माजघरापर्यंत टिकला नाही. बाईसाहेबांना माहेरची अब्रू आठवली, हैबतराव पुन्हा जमादार झाले. आणि सुभानजीला तलवार धरता येत नाही म्हणून घरी बसवलं. दोन वर्षांचा थकलेला पगारही दिला नाही.

सुभानजी कचेरीत जाऊन उभा राहिला. मेहुणा म्हणाला, दरवाज्यावर मीच होतो, हा माझ्या हाताखाली होता. सरदारांनी शिपायांना विचारलं, खरं काय ते सांगा. चाळीस माणसं, मंडळी — सुभानजीच्या पाठीमागं उभं राहून जगलेली! कोणी जोड्याकडं बघतोय, कोणाला नेमका खोकला आलाय.

शेवटी गढीवर दळण दळणारी कासाबाई पुढं आली.

"दरवाज्यावर सुभानजीच होते," ती म्हणाली. "जमादारसाहेब माझ्या दाण्याच्या कणगीत होते. वर झाकण मीच घातलं."

कचेरी हसली. ते चाळीसही हसले — बाईच्या आडून हसायला काय लागतं? सरदारांची मान खाली गेली. त्यांनी सगळा पगार तिथल्या तिथं द्यायला लावला आणि जमादारीची पगडी मागवली.

सुभानजीनं डाव्या हातानं पैसे घेतले. पगडीला हात लावला नाही.

"पगार माझ्या कष्टाचा, तो नेतो," तो म्हणाला. "जमादारी नको. ही माणसं माझ्या हुकमानं मरतील, पण माझ्यासाठी एक शब्द बोलणार नाहीत. असल्यांचा जमादार व्हायला मला लाज वाटते."

कासाबाईला तेवढा रामराम केला आणि तो गेला.

आता तुम्ही मेहुण्याला नावं ठेवाल. अहो, त्याच्यापुढं निदान तलवारी होत्या. त्या चाळिसांपुढं काय होतं? एक बडा माणूस नाराज होईल, एवढंच. मागच्या महिन्यात इथं नळाला पाणी सोडणाऱ्या गुणवंतावर विहिरीवरची पाण्याची मोटार चोरल्याचा आळ आला. चोर कोण, सगळ्या गावाला माहीत. ग्रामसभेत बोललं कोण? ही पुढची रांग तर अख्खी हजर होती म्हणे.

असो. देवाचं नाव घेऊ. मोठ्यानं घ्या — त्यानं कोणी रागावत नाही.