शुक्रवारचा धोंडा

तिसगावहून नगरला जाणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक पन्नाशीची बाई आणि एक तरुण मुलगी बोलत होत्या.

“पोराला पुन्याहून घरी बोलावलंय. शुक्रवारी आभाळातून धोंडा पडनार हाय, मोबाईलवर दावलं. मरायचंच तर समदी एका जागी ऱ्हाऊ.”

“मावशी, तो दगड पडणार नाही.”

“तुला काय ठावं?”

“मी मुबश्शिरा. नगरला कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि अशाच दगडांवर, म्हणजे लघुग्रहांवर, संशोधन करते. हा दगड मी स्वतः दुर्बिणीतून पाहिलाय, त्याची वाट मोजलीय. चंद्राच्याही पलीकडून जाणार आहे.”

“आन मोजताना चुकली असशील तर?”

“दुसऱ्या देशांतल्या लोकांनीही मोजलंय. सगळ्यांचं उत्तर एकच आलं.”

“त्ये समदेच चुकले तर?”

“नाही चुकलो, मावशी. तुमचा मुलगा करतो काय?”

“करन इंजिनेरिंगला हाय. शुक्रवारीच त्याचा पेपर हुता.”

“मग त्याला येऊ देऊ नका. वर्ष वाया जाईल.”

“तू काय करनार शुक्रवारी?”

“सकाळी तास घेणार. संध्याकाळी मात्र घरी थांबायचंय. अम्मीनं मला बघायला पाहुणे बोलावलेत.”

“तुझ्या आईला धोंड्याचं ठावं हाय?”

“मीच सांगितलं. काही होणार नाही म्हटल्यावर तिनं लगेच शुक्रवार ठरवला.”

“आसं? थांब, फोन लावती. हॅलो, करन? येऊ नको बाबा. धोंडा लांबून चाललाय. जिनं मोजला ती हितं माझ्या शेजारीच बसलीय. व्हय, पक्कं. आता पास व्हावंच लागंल तुला.”