शिंप्याच्या पायरीवरून

शेषराव : हे धूड घ्या वापस अन् आमचा रेडिओ द्या. मी बसाले नाही आलो.

वामनराव : अहो शेषराव, तिवस्याहून एसटीत हा मांडीवर घेऊन आलात? गोधडीत गुंडाळून? एक कार्ड टाकलं असतं तर माणूस पाठवला असता. काय बिघडलं?

शेषराव : बिघडलं काईच नाही. हा आमचा नाहीच. दिवाळीच्या आंधी सत्यवतीच्या मायनं अथीच, या तुमच्या दुकानात, तो लायना पसंत केला होता. अजून फळीवर दिसून राह्यला. तुमी हा पाठवला.

वामनराव : त्या लहान सेटहून चांगला पाठवला! सहा व्हॉल्व्ह, सागवानी पेटी, स्टेशन लागलं की हिरवा डोळा मिटतो. वर त्याच किमतीत. लोक याच्यासाठी नंबर लावतात.

चतुराबाई : लोकाइले द्या मंग. आमच्या वयनीनं लायना निवडला होता ना?

वामनराव : या कोण?

शेषराव : माही बहीण, चतुरा. राजापेठेत राह्यते.

वामनराव : ताई, तुमच्या वहिनींनी सेट कसा निवडला ते ऐका. मी खुर्ची दिली, चहा मागवला, तर बाई रस्ता ओलांडून त्या समोरच्या शिंप्याच्या पायरीवर जाऊन उभ्या. तिथून ओरडतात, 'आता दुसरा लावा!' मी म्हटलं, बाई, रेडिओ घरात बसून ऐकतात, रस्त्यावरून नाही.

चतुराबाई : अन् हासले असान.

वामनराव : सगळेच हसले.

शेषराव : ते सोडा. तिले न इचारता बदलला काहून, ते सांगा. तुमचं पार्सल आलं तवा घरात तिच्या तेरवीचे पाहुणे. म्या खोका उघडलाच नाही. दोन महिन्यानं उघडतो, तं हा!

वामनराव : तेरवीचे? वहिनी... मला कोणी कळवलंच नाही हो.

शेषराव : चार दिवसाचा ताप. त्याचं बोलाले नाही आलो मी. रेडिओचं बोला.

वामनराव : मग रागावू नका, पण तो तुमच्यासमोरच बदलला. वहिनी तिकडे पायरीवर होत्या. मी तुम्हाला हळूच म्हटलं, 'बाईमाणसाला यातलं काय कळतं, मोठाच पाठवतो.' तुम्ही मान हलवलीत.

शेषराव : म्या?

वामनराव : हलवलीत. हसलातसुद्धा.

चतुराबाई : काहून गा दादा?

शेषराव : हालवली असंन. दुकानदारासमोर माणूस हालवतेच. पण म्या मान हालवली म्हून तिची पसंती मोडाची? चोळी तिची अन् माप माहं घेतलं तुमी! ते घरी जाऊन आठ दिवस मले सांगत होती, लायना येईन, लायना येईन. अन् मी चूप. मोठा आला म्हंजे खुश होईन म्हनलं.

वामनराव : बरं, चूक माझी. पण याच्यात खोट काय, ते तरी सांगा.

शेषराव : रेडिओ बैठकीत हाये, माणसाइत. सैपाकघर आंगनाच्या पलीकडं. आता चुलीपाशी मीच बसतो. भाकर थापता थापता ऐकाव म्हनलं, तं हा नुसता घुमते. रांजनात तोंड घालून बोलल्यावानी. बाजारभाव चालू हाये का बातम्या, काई उमजत नाही. एक दिवस तसाच उठलो, पिठाच्या हातानं आंगनात येऊन उभा राह्यलो. तवा समजलं, ते रस्ता ओलांडून काहून गेल्ती.

चतुराबाई : लावा दोन्ही. मी जातो पलीकडं.

वामनराव : ताई, अहो रहदारी आहे...

चतुराबाई : लावा म्हनलं ना!

(चतुराबाई रस्ता ओलांडून शिंप्याच्या पायरीवर उभी राहते.)

वामनराव : थांबा, जरा तापू द्या. हं, हा मोठा. येतंय का ऐकू?

चतुराबाई : येते! हेला हंबरून राह्यला!

वामनराव : आता हा लहान. ऐका.

चतुराबाई : आकोल्याले तूर उतरली म्हन्ते! बोल न् बोल येते! हा शिंपीदादाई म्हन्ते, येते!

वामनराव : कमाल आहे. दहा वर्षं रेडिओ विकतोय, पण उंबरठ्याबाहेर जाऊन कधी ऐकला नाही.

शेषराव : तुमी काहून जाचे? तुमाले बाहेरून ऐकाचं काम कवा पडते?

चतुराबाई : (परत येत) ऐकलं ना? वयनीले कळत नव्हतं म्हने! बांधा आता तो लायना.

वामनराव : बांधतो, मी स्वतः बांधतो. पण शेषराव, एक विचारू? इतक्या दुरून ऐकायचंच कशाला? रेडिओच सैपाकघरात ठेवा. वीस हात वायर जास्तीची देतो.

चतुराबाई : खरंच गा दादा. चुलीच्या वरता तो कोनाडा रिकामाच हाये. नेता येते ना तथीवर वायर?

शेषराव : येते.

चतुराबाई : मंग?

शेषराव : तवाही येत होती.