दोन थेंबांचा माणूस

...नाही, मला सांगा, माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या गॅलरीत, बायकोनं आणि मुलीनं मिळून कोंडावं, हा कुठला न्याय? दोन थेंब! निलगिरीच्या तेलाचे दोनच थेंब हवे होते हो मला! आणि आता काचेपलीकडे माझी नात आहे, सहा आठवड्यांची, आज पहिल्यांदा घरी आलीय, पाचला गाडी येणार, की गेली ती थेट सहा महिन्यांनी यायला... आणि मी तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही. मांडी सोडा, बोटसुद्धा लावलेलं नाही!

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं औषधाचं दुकान चालवलंय मी. निलगिरी मागणाऱ्या प्रत्येकाला तोंड दुखेपर्यंत सांगितलं, पातेलंभर गरम पाण्यात दोन थेंब, खिडकी उघडी ठेवा, अंगाला लावायचं तर आधी खोबरेलात मिसळा, पोटात अजिबात घ्यायचं नाही, आणि तान्ह्या बाळाजवळ तर नकोच नको, इवलासा श्वास तो, अडकतो! यावर गिऱ्हाईक काय म्हणायचं? ‘हो हो, कळलं... पण बाळाच्या छातीला थोडंसंच चोळलं तर चालेल ना?’ म्हणजे काय कळलं, कपाळ? एकानं, एकानंही कधी माझं ऐकलं नाही!

तर आज सकाळी बाळ येणार म्हणून कपाटांवरची धूळ झटकली, नाक चोंदलं, शिंकांवर शिंका. बायको म्हणाली, ‘अहो, असे शिंकत घेणार का तिला? वाफ घ्या आधी.’ घेतली बाटली, केली उपडी. थेंब पडेना! बाटलीच्या तोंडात ते थेंब पाडणारं प्लास्टिकचं बूच असतं ना, ते तुंबलेलं. गिऱ्हाइकाला मी काय सांगितलं असतं? दुसरी बाटली घ्या. मी काय केलं? सुरी घातली! का? तर मला कळतं! एकतीस वर्षं! बूच उडालं तिकडे आणि अख्खी बाटली माझ्या छातीवर, बनियनवर, मिशीत... दोन थेंब!

कपडे बदलले, साबणानं तीन आंघोळी केल्या. छाती लालबुंद, डोळ्यांना धारा. बायको म्हणाली, ‘तुम्ही खोलीत यायच्या आधी तुमचा वास येतो.’ तेवढ्यात बेल! मुलगी बाळाला घेऊन दारात, आणि तिथूनच ओरडली, ‘बाबा, हे काय केलंत? थांबा, पुढे येऊ नका!’ सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले, बाळाला घेऊन ती तासभर जिन्यात बसली, आणि मी? गॅलरीत! तेव्हापासून इथेच आहे. बायको खुणेनं चहा दाखवते आणि दाराच्या फटीतून कप सरकवते, जनावराला घालावा तसा.

पावणेपाच वाजले. काच वाजवली. नातीनं माझ्याकडे पाहिलं, एकदा, आणि चक्क जांभई दिली. सख्ख्या आजोबाला बघून! मी पुन्हा काच वाजवली, जोरात. मुलीनं फट उघडली. म्हटलं, ‘हे बघ, मी श्वास रोखून धरतो, वर चादर गुंडाळतो, एकच मिनिट, थोडंसंच घेतो... चालेल ना?’

पोरगी वाद घालत बसली नाही. माझ्याच काउंटरवर वह्या पसरून लहानाची मोठी झालेली ती. एवढंच म्हणाली, ‘बाबा, गिऱ्हाइकानं असं विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतंत?’

माझे हात पुढे झालेले होते हो. आपोआप. ते मागे घेतले, आणि म्हटलं, ‘चालणार नाही.’ दार मीच ओढून घेतलं.

आत्ताच गाडी गेली खालून. एकतीस वर्षांत, तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा एका गिऱ्हाइकानं माझं ऐकलं... आणि तेही नेमका मीच निघालो.