बतूलचा पांढरा झगा

लेक गिझलानने खजुरीच्या बागेत काढलेल्या फोटोत बतूलचा काळा झगा पांढराशुभ्र आला होता. मराकेशच्या इस्पितळात माझ्या शेजारच्या बाकावर ती नवऱ्याचा हात घट्ट धरून बसली होती. त्याला शस्त्रक्रियेसाठी आत न्यायचे होते.

"गिझलान, आपल्यात पांढरं विधवा घालते. मी यांना आत सोडणार नाही."

"आई, खजुरीही पांढऱ्याच आल्यात. जणू बर्फ पडलंय."

"खजुरींना नवरा नसतो!"

"अगं, या कॅमेऱ्यातली उजेडाची गाळणी, फिल्टर, मी बदलून घेतलीय. डोळ्यांना न दिसणारा उजेड तो टिपतो. आभाळाचा निळा मी मागाहून संगणकावर बसवला."

"आणि माझा झगा?"

"त्याला हात नाही लावला. तसाच आला."

"पोरी, माझा काढ," नवरा म्हणाला. "माझाही झगा त्याच ताग्यातला आहे. थांब, खिडकीच्या उन्हात येतो."

खट्. त्याचाही काळा झगा पांढराच आला.

"बतूल, मीही विधवा झालो की! तू कधी गेलीस?"

"जीभ झडो तुमची!"

"हसलीस ना? सोड आता हात. ती पांढरी बाग बघत झोपेन मी."

तिने हात सोडला.

खजुरीची पाने अवरक्त किरण परत फेकतात. त्या कापडाचा काळा रंगही ते शोषत नव्हता. झगा पांढरा दिसला तो एवढ्यामुळेच.