मातोश्रींचा पंखा

हे विश्वंभरा, आधी तुझं नाव, मग माझं गाऱ्हाणं... कारण गाऱ्हाणं काही फार पवित्र नाही! अहो, तुम्हाला सांगतो, संशय घेणं पाप, हे मी जाणतो, जन्मभर अभंग गाण्यात गेला माझा. पण तो पंखाच मला पापात ओढतो, त्याला मी काय करू?

आईच्या मागे मी शाळेला पंखा दिला, पहिलीच्या वर्गासाठी. पेंटरला समोर बसवून पात्यांवर अक्षरं काढून घेतली: ‘मातोश्रींच्या’, ‘स्मरणार्थ’ आणि ‘सप्रेम भेट’. पुढे नात पहिलीत गेली, ती घामाघूम होऊन घरी! ‘आजोबा, पणजीचा पंखा कुठाय? वर नुसता हूक आहे!’ गेलो शाळेत. तिथले कारकून, भाऊसाहेब, बोलायला इतके गोड, इतके गोड... ‘काका, दुरुस्तीला गेलाय!’ उन्हाळ्यात दुरुस्तीला, पावसाळ्यात दुरुस्तीला, आणि त्या दुरुस्तीची वर्गणी पालकांकडून दर सहामाहीला! अहो, एवढ्या अवधीत माणसाचं काळीज बदलून मिळतं!

संशय घेणं पाप... तरी एका कडाक्याच्या थंडीत मी त्यांच्या घरी. पाहतो तर बैठकीत पंखा भरधाव! भाऊसाहेब कानटोपीत, वहिनी शालीत, आणि माझा चहा ओठाशी नेईपर्यंत गार! म्हटलं, ‘भाऊसाहेब, पंखा जरा...’ ‘नको, नको! हिला गुदमरतं!’ वहिनी शिंकत, ‘मला कुठे? यांनाच उकडतं मेलं!’ मी बटणाकडे वळलो, तर भाऊसाहेब बटणाला पाठ लावून उभे, गाभाऱ्याशी द्वारपाल असावा तसे! आता सांगा, संशय पाप खरा, पण असल्या वेळी मनात दुसरं यावं तरी काय?

आणि नारायणाची लीला पाहा... वीज गेली!

पंखा मंदावला. भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. मी चष्मा सावरून वर... ‘सप्रेम’... गेलं की हो पुढे!... ‘स्मरणार्थ’... आणि नेमकं ‘मातोश्रींच्या’ माझ्या डोक्यावर येऊन थांबलं! माझी आई, आणि ती परक्याच्या आढ्याला! भाऊसाहेब म्हणाले काय? ‘काका, दुरुस्त झालाय का, ते चालवून बघत होतो.’

‘उतरवा आत्ताच्या आत्ता!’

‘कसा उतरवू, काका? शाळेची मालमत्ता! अध्यक्षांची परवानगी लागते.’

तडक अध्यक्षांच्या बंगल्यावर. ‘साहेब, लेकरांच्या डोक्यावरचा वारा चोरीला जातोय!’ त्यांनी कानांवर हात ठेवले. ‘शिव शिव! चौकशी करू, कडक चौकशी करू!’ इतकं बरं वाटलं मला! तेवढ्यात वीज आली, दिवाणखान्यात वारं सुटलं, अध्यक्ष उपरण्यात कुडकुडायला लागले... संशय घेणं पाप, म्हणून मी वर पाहिलंच नाही. नुसतं म्हटलं, ‘साहेब, जरा बंद करू का?’

‘नको, नको! असू द्या, असू द्या!’

हात जोडले आणि घरी आलो. आता नातीच्या दप्तरात वारा घ्यायला एक पुठ्ठा घालून देतो. त्याच्यावर कुणाचं नाव मात्र घातलेलं नाही... नावाच्या वस्तू दुरुस्तीला जातात!

असो. तुम्हां सर्वांचं कल्याण होवो, तुमची लेकरं गार वाऱ्यात शिकोत, आणि पाहुण्यांदेखत पंखा बंद करायची भीती कुठल्याही घराला न पडो!