धागे कुठं मिसळतात

ऋतुजा : मग कोयत्याला धार कुणी लावली, अण्णा?

अंगद : हातानं.

ऋतुजा : कुणाच्या?

अंगद : माज्याच. पण मी न्हाई सांगितलं त्याला. निवांत बसलतो, समोर कानस दिसली.

साखराबाई : आन् भांडीबी आपोआप पेटीत गेली.

अंगद : ती तुज्या हातानं गेली.

ऋतुजा : आई, तूसुद्धा? अण्णांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी शब्द दिला होता, यंदा ऊस तोडायला जाणार नाही म्हणून.

साखराबाई : शब्द त्यांनी दिलता, बाई. नवरा-बायकू मिळून एक कोयता. मी एकली गेले तर मुकादम अर्धाच धरतोय.

ऋतुजा : म्हणजे तुलाही जायचंय.

साखराबाई : दसरा झाला की पाय हितं ठरत न्हाईत. काय करू.

अंगद : ऋतू, तुजं ते माकडाच्या टाळक्यातलं सांग बरं हिला.

ऋतुजा : विषय बदलू नका.

अंगद : त्योच इषय हाय.

ऋतुजा : मेंदूच्या वरच्या थरात वेगवेगळे भाग असतात, आई. एक विचार करतो, एक हात हलवतो, एक हवं-नको ठरवतो. सगळ्यांचे धागे खाली स्ट्रायटम नावाच्या भागात उतरतात, बहुतेक आपापल्या जागी. काही ठिकाणी एकमेकांत मिसळतात. सवय मुरली की हाताकडून आलेल्या धाग्यांचं जास्त चालतं.

अंगद : म्हंजे इचार करणाऱ्याला कुनी इचारीत न्हाई.

ऋतुजा : असं मी म्हटलं नाही.

साखराबाई : आपल्या घरात तसंच हाय की.

अंगद : शब्द मी इचारानं दिलता, धार हातानं लागली. हे दोन्ही नेमके कुठं मिसळत्यात तेवढं दाव. हाताला तितंच आडवतो आन् घरी बसतो.

ऋतुजा : तेच शोधतेय.

अंगद : माणसात?

ऋतुजा : माकडात.

साखराबाई : कवाधरनं गं?

ऋतुजा : संशोधनाचं चौथं वर्ष आहे.

अंगद : घावलं?

ऋतुजा : थोडंसं.

(बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजतो.)

अंगद : मंग नेटानं शोध. तवर आमी एक हंगाम करून येतो.

ऋतुजा : अण्णा, कमरेचा पट्टा तरी घ्या.

अंगद : हाय की पेटीत.

ऋतुजा : तोही हातानंच ठेवला?

साखराबाई : न्हाई. त्यो मी ठिवलाय. इचार करून.